आईला पुन्हा सांगताना

सुचेताबाईंनी उत्तनचा सूर्यास्त हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला. "हा मी बँकेच्या कॅलेंडरवर पाहिलाय," त्या म्हणाल्या, "एप्रिल महिन्यात." हॉलमधली सगळी मंडळी हसली. उदय खामकरही हसला, कारण अशा वेळी एकट्याने गप्प बसलं की माणूस फारच उघडा पडतो. भाईंदर पश्चिमेला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी हौशी फोटोग्राफरांचं मंडळ भरायचं. कोणी औषधांच्या दुकानातला, कोणी पोस्टातला, कोणी नुकताच कॉम्प्युटर कंपनीत लागून पहिल्या पगारात डिजिटल कॅमेरा घेतलेला. उदय ताटवाट्या बनवणाऱ्या स्टीलच्या गाळ्यात सुपरवायझर. सुचेताबाई मुंबईतल्या एका मासिकाचे फोटो निवडायच्या आणि त्या येणार म्हणून मंडळाने समोसे मागवले होते. त्यांनी चौक गावच्या होड्या पालथ्या घातल्या, बांबूच्या वलांडीवर वाळत टाकलेले बोंबील पालथे घातले, मिठागरातला एक पायावर उभा बगळाही पालथा घातला. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. पण जिथं सगळं आयतंच सुंदर दिसतं तिथं तुम्ही जाता. तिथं सगळेच जातात. घरात रोज काय बघता तुम्ही? ते आणा. ते नसेल जमत तर दुसरा छंद बघा."

दुसरा छंद बघा. स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला येईपर्यंत ते वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. बाईला काय जातंय बोलायला. गाळ्यात त्याला मालकापासून हेल्परपर्यंत सगळे 'ए उदयभाय' म्हणत, घरात तो 'अहो' होता, आणि सबंध जगात फक्त त्या हॉलमध्ये त्याला कोणी 'खामकर सर' म्हणत असे. चाळिशी उलटली होती. पोट सुटलं होतं. आता आपल्या हातून काही व्हायचं असेल तर ते या जुन्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या कॅमेऱ्यातूनच होणार, हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्याला फार काही नको होतं. ज्याच्यासमोर लोक थांबतील, बोलता बोलता गप्प होतील, असा एकच फोटो त्याला हवा होता. पूल उतरताना त्याला सुचेताबाईंचा इतका राग आला, की केबिन रोडच्या भाजीवाल्याशी तो कोथिंबिरीवरून हिंदीत विनाकारण भांडला आणि कोथिंबीर न घेताच घरी आला.

मग त्याने घर बघायला सुरुवात केली. पाणी एक दिवसाआड यायचं, तेव्हा पाण्याचे निळे ड्रम. दाराबाहेरच्या चपला. कुकरच्या झाकणाला लटकलेला थेंब. दोरीवरचा स्वतःचा बनियन, ज्याच्या काखेत भोक होतं आणि त्या भोकातून समोरची बिल्डिंग दिसत होती. हा शेवटचा त्याला फारच ग्रेट वाटला होता. लॅबवाल्या भाईने काउंटरवर प्रिंट पसरल्या आणि विचारलं, "उदयभाई, ये ड्रम का फोटो कायको निकाला? बेचने का है क्या?" उदयने पाकीट उचललं. भाईचं काही चुकलं नव्हतं. ड्रम ड्रमच दिसत होते, चपला चपलाच. रोजचं म्हणजे काय, तर ज्याच्याकडे बघून आता काहीच होत नाही ते, आणि त्याचा फोटो काढला तरी काहीच होत नाही, एवढं त्याला त्या रोलमधून समजलं.

आईकडे तो आला तो असा, चपला आणि ड्रम संपल्यावर. त्याची बायको मानसी सकाळच्या पाळीला एका पॉलिक्लिनिकच्या काउंटरवर बसायची, लवकर निघायची. उदय गाळ्यावर जायला निघाला की खालच्या मजल्यावरच्या सरूबाई येऊन बसत. मधला वेळ तो आणि आई दोघंच असत. समोरच्या दोन बिल्डिंगच्या फटीतून तेवढ्या वेळात गॅलरीच्या दाराशी उन्हाचा एक पट्टा यायचा आणि चहा निवेपर्यंत निघूनही जायचा. आई, इंदूबाई, नेमक्या तिथेच सूप घेऊन बसत. तांदूळ पाकिटातला, साफ केलेला असायचा, पण त्यांना निवडायला काहीतरी लागे, म्हणून मानसी मुद्दाम त्यात मूठभर तूर मिसळून ठेवी आणि त्या ती पुन्हा वेगळी करीत. आंघोळ झालेली, केस चापून बसवलेले, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

ते कुंकू हा घरातला सगळ्यांचा मिळून एक कट होता. आबांना, म्हणजे उदयच्या वडलांना, कोंडिराम खामकरांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. ते बफिंगच्या गाळ्यात ताटं चकचकीत करायचे. संध्याकाळी घरी येत तेव्हा तोंड, कान, मान सगळं काळं, फक्त दात आणि डोळे पांढरे, आणि इंदूबाई त्या वेळी पाणी तापत ठेवत. ते मशीनवरच गेले. त्यानंतर वर्षभरात इंदूबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग दिवस, मग शेजाऱ्यांची नावं, आणि मग एके दिवशी त्यांनी कपाटातून कुंकवाचा करंडा शोधून काढला, आरशासमोर बसून कुंकू लावलं आणि विचारलं, "हे कुठं गेले रे?" मानसीने कणीक मळता मळता, मान वर न करता उत्तर दिलं, "गावाला गेलेत, आई. घर शाकारायला." इंदूबाई म्हणाल्या, "पावसाच्या आत झालं म्हणजे बरं," आणि निवांत झाल्या. तेव्हापासून आबा गावाला होते. उन्हाळ्यात घर शाकारायला, पावसात लावणीला, भाद्रपदात गणपतीच्या तयारीला. संगमेश्वरकडचं ते घर केव्हाच पडलं होतं, पण मानसीच्या तोंडी आबा तिथे वर्षभर राबत होते. सरूबाईंनीच आबा गेले त्या दिवशी आईचं कुंकू पुसलं होतं, आता त्याच रोज येऊन "काय म्हणतात खामकर, झाली का लावणी?" म्हणून विचारत. उदयला या सगळ्याचं बरं वाटे आणि कसंतरीही वाटे. आबा गेले त्या दिवशी तो उत्तनला होता. रजा टाकून, मोबाईल बंद करून, होड्यांवर ऊन केव्हा तिरपं पडतंय त्याची वाट बघत. तो घरी आला तेव्हा बायकांचं रडून झालं होतं, आई भिंतीला टेकून बसली होती, कपाळ पुसलेलं होतं. बातमी ऐकतानाचा आईचा चेहरा सगळ्या बिल्डिंगने पाहिला, पोटच्या पोराने नाही. तो स्वतः तेव्हा रडला नव्हता. नंतरही नाही. वेळ टळून गेल्यावर रडणं त्याला उगीचच वाटलं.

तर त्या सकाळी तो आईच्या हातांचे फोटो काढत होता. सुपातली बोटं, तूर वेगळी करणारी. ऊन चांगलं होतं. आणि आई सारखी मान वर करत होती. "हे कुठं गेले?" तो म्हणाला, गावाला. तिने पुन्हा मान वर केली. "कधी येतील?" सावली बोटांवर पडली. तो म्हणाला, येतील, आई, हलू नको. उन्हाचा पट्टा सुपाच्या काठावर सरकला होता, आता जाणार होता. "पण सांगून गेले न्हायत हे," इंदूबाई म्हणाल्या आणि सूपच खाली ठेवलं. तेव्हा उदयचा तोल गेला. "आबा गेले, आई," तो म्हणाला. "वारले. दोन वर्षं झाली."

आधी काहीच झालं नाही. मग तिचा चेहरा, कसं सांगावं, आतून सुटला. तोंड उघडं राहिलं, पण त्यातून आवाज आला नाही. डोळे त्याच्याकडे होते, तरी त्याला बघत नव्हते. आणि उजवा हात, ज्याला तुरीचे दोन दाणे चिकटले होते, आपणहून वर गेला आणि कपाळावरचं कुंकू त्या हाताने अर्धं पुसलं. कोणी सांगितलं नव्हतं. सरूबाई नव्हत्या, बायका नव्हत्या. हाताला ठाऊक होतं. उदयने बटण दाबलं ते त्याला कळलंसुद्धा नाही. मग मात्र तो घाबरला, पाणी घेऊन आला, पाठ चोळली, आणि ती ओक्साबोक्शी रडत असताना सारखा "आई, आई" म्हणत राहिला. सरूबाई आल्या तेव्हा ती हुंदके देत होती, पण का ते तिला आठवत नव्हतं. "काय झालं गो वहिनी?" सरूबाईंनी विचारलं. "काय म्हायत," इंदूबाई म्हणाल्या. "काय तरी झालाय." दुपारी मानसी घरी आली तेव्हा सासू आरशासमोर होती, नवं कुंकू लावत होती.

लॅबवाला भाई प्रिंट उलटसुलट करून म्हणाला, "माताजी का मस्त आया है. लेकिन आउट है." फोकस सुपावर बसला होता. प्रत्येक तुरीचा दाणा धारदार, आणि मागे धुरकट एक बाई कपाळावर हात नेताना. तरी त्याने तो रविवारी नेला. सुचेताबाई आल्या होत्या, मंडळाने त्यांना आता वर्षभरासाठी परीक्षक केलं होतं. त्यांनी प्रिंट उचलली. पालथी घातली नाही. हॉलमधल्या गप्पा चालू होत्या, त्या हळूहळू थांबल्या. "ही कोण?" "माझी आई." "काय झालं होतं?" उदय म्हणाला, "वडील गेल्याचं कळलं तिला." मग त्याने विसरण्याबद्दल सांगितलं. सुचेताबाई बराच वेळ बघत राहिल्या. "फोकस गेलाय," त्या शेवटी म्हणाल्या. "हा फोटो हातातून गेला, खामकर. मला खरंच वाईट वाटतंय." त्याच्या कुठल्याही फोटोसाठी आजपर्यंत कोणाला वाईट वाटलं नव्हतं. तो घरी आला तो पायांना चाकं लावल्यासारखा, आणि जिन्यात त्याला तो विचार पहिल्यांदा सुचला. विचार तसा साधा होता. दुसऱ्या कोणाचा क्षण हातातून गेला की गेला. आईचा जात नव्हता. आई रोज सकाळी पुन्हा कोरी असायची.

आपण वाईट माणूस आहोत असं त्याला तेव्हा वाटलं नाही, आणि हे मान्य करायला हवं की नंतरही फारसं वाटलं नाही. मनाला समजावायला त्याच्याकडे बरंच काही होतं. खोटं तर घरातले बाकीचे बोलत होते, तो खरं तेच सांगणार होता. शिवाय दुपारपर्यंत तिला काही आठवत नाही, म्हणजे झालं काय आणि न झालं काय, सारखंच. दुसऱ्या सकाळी त्याने आधीच अंतर मोजून फोकस लावला, ऊन यायची वाट पाहिली आणि सांगितलं. फोटो आला, पण तिचा हात चेहऱ्यासमोर आला होता. मग एकदा ऊन ढगात गेलं. मग एकदा खालून टँकरवाल्याने हॉर्न वाजवला आणि तिने ऐन वेळी मान वळवली. हळूहळू उदयला त्यातलं कळायला लागलं. 'वारले' म्हटलं की ती एकदम कोसळायची, हाताला वेळच मिळायचा नाही. 'देवाघरी गेले' म्हटलं तर तिला आधी नीट समजायचंच नाही, ती हसायची, आणि तो हसरा चेहरा मोडताना फार घाणेरडा दिसायचा. 'आई, आबा आता येणार नाहीत' हे सगळ्यांत चांगलं. ते हळूहळू आत उतरायचं. आधी भुवया, मग तोंड, मग हात. एखाद्या कारागिराला पत्रा किती तापला की वाकतो ते समजावं, तसं त्याला ते समजलं, आणि या समजण्याचा त्याला आनंद झाला. हो, आनंदच. त्या मिनिटभरात तो सुपरवायझर नव्हता. बातमी त्याच्या मालकीची होती. जो चेहरा त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगने त्याच्या आधी पाहून घेतला होता, तो आता फक्त त्याच्यासाठी रोज नव्याने उघडत होता, आणि ती रडायची तेव्हा त्याच्या छातीतलं काहीतरी मोकळं व्हायचं, जणू तीच त्याच्याही वाटचं रडून घेत होती.

मानसीला लुगड्याचे डाग आधी दिसले. पदराच्या टोकाला लाल ओरखडे, रोज. ती ते साबण लावून भिजत ठेवायची. "आईंना मधेच आठवतं का हो आबांचं?" तिने एकदा चहा गाळताना विचारलं. "डॉक्टर म्हणाले होते, असं होतं म्हणून. सकाळी रडतात का त्या?" उदय म्हणाला, "कधी कधी." "मग तुम्ही काय करता?" "काय करणार? बसतो जवळ." मानसीने त्याच्याकडे इतक्या मायेने पाहिलं की त्याने कप घेऊन गॅलरी गाठली. त्या आठवड्यात तिने त्याला रोज डब्यात त्याच्या आवडीचं काही ना काही दिलं.

पुढे आई बिघडायला लागली. म्हणजे आठवत तिला अजूनही काही नव्हतं, पण गॅलरीच्या दाराशी बसायला ती कुरकुर करू लागली. सूप घेऊन स्वयंपाकघरात ओट्याखाली बसायची, अंधारात. ऊन आलं की अंग चोरायची. कॅमेऱ्याची कातडी पिशवी उघडल्याचा आवाज झाला की तिच्या मांडीवरचे हात थरथरायचे, आणि ती त्या हातांकडे दुसऱ्याचे असल्यासारखी बघायची. "काय होतंय, आई?" "काय नाय. पोटात खड्डा पडलाय बघ. कोण आजारी हाय काय रे गावात?" ती जेवण टाकू लागली. आणि एका सकाळी उदय चहा घेऊन बाहेर आला तर ती आंघोळ करून बसलेली, केस विंचरलेले, आणि कपाळ मोकळं.

ऊन नुकतंच दारात शिरत होतं. इतकं स्वच्छ ऊन त्या सगळ्या दिवसांत आलं नव्हतं. आदल्या दिवशी कोणीतरी समोरची भिंत पांढरी रंगवली होती आणि तिचा परतलेला उजेड दुसऱ्या बाजूनेही मऊ पडत होता. हाच तो दिवस, हे उदयला दिसत होतं. त्याने तिचा दंड धरून तिला दाराशी आणून बसवलं. ती बसली. लहान मुलीसारखी बसली. "आई, कुंकू नाही लावलंस?" "नको वाटतंय आज." "का?" "काय म्हायत. हात जाईना." तो आत गेला, करंडा घेऊन आला, झाकण उघडून तिच्यासमोर धरला. "असं करू नये, आई," तो म्हणाला. "आबा काय म्हणतील?" ती चपापली. खरंच की, असं तिच्या तोंडावर आलं. सवाष्ण बाई, सकाळच्या पारी, मोकळं कपाळ. "बरी आठवण केलीस हो," ती म्हणाली आणि बोट करंड्यात बुडवलं. आरसा नव्हता, तर तिने त्याच्याच तोंडाकडे बघत कुंकू लावलं आणि विचारलं, "मधी आलंय ना?" थोडं डावीकडे गेलं होतं. उदयने आपल्या हाताने, रुमालाचं टोक ओलं करून, ते गोल केलं. आईच्या कपाळाला हात लावायची वेळ त्याच्यावर लहानपणानंतर आली नव्हती. कातडी पातळ आणि गार होती, आणि त्याच्या बोटाखाली एक शीर उडत होती. त्याला क्षणभर गलबलून आलं. मग त्याने मागे सरकून गुडघा टेकला, फोकस तिच्या डोळ्यांवर लावला आणि म्हणाला, "आई, आबा आता येणार नाहीत."

तो फोटो आला. लॅबवाल्या भाईने या वेळी काही विनोद केला नाही. त्याने प्रिंट काउंटरवर ठेवली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायचे विसरला. उदयने घरी येऊन सगळी पाकिटं कपाटावर ठेवली, आणि ती दुसऱ्याच दिवशी मानसीने झाडताना काढली. तो गाळ्यावरून परतला तेव्हा सगळ्या प्रिंट ओट्यावर मांडलेल्या होत्या, एकीखाली एक, पापड वाळत घातल्यासारख्या. वेगवेगळी लुगडी, वेगवेगळं ऊन, आणि तोच चेहरा. आई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर होती. मानसी हळू आवाजात बोलली, आई ऐकेल म्हणून. "किती वेळा मारलंत हो आबांना?"

उदयची नजर ओट्यावरून फिरत होती. मानसीने नकळत त्या अशा क्रमाने लावल्या होत्या की तिसऱ्या ओळीतला, ढगाळ दिवसाचा फोटो आपण उगाच बाद केला होता, असं त्याला वाटलं. "विसरते ती," तो म्हणाला. "दुपारपर्यंत काही राहत नाही तिच्या डोक्यात."

"डोक्यात राहत नाही. त्यांच्या अंगात राहतं. दहा दिवस धड जेवल्या नाहीत त्या. मी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या बदलून आणल्या. मला वाटलं, बिचारे रोज सकाळी एकटे आईला सांभाळतात." मग ती म्हणाली, "तुम्हाला काय मिळालं यातनं, ते तरी सांगा." त्याने तो शेवटचा फोटो उचलून तिच्यापुढे धरला. त्याला खरोखर वाटत होतं की तो बघितला की तिला समजेल. मानसीने तो बघितला. बराच वेळ बघितला, आणि बघणं थांबवता येईना म्हणून शेवटी डोळे मिटून घेतले. "चांगला आलाय," ती म्हणाली. "ते तर आणखीनच वाईट." दुसऱ्या दिवसापासून ती निघायच्या आतच सरूबाई वर येऊ लागल्या. आबा पुन्हा गावाला गेले. इंदूबाई हळूहळू भात खाऊ लागल्या.

मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. सुचेताबाईंनी फोन केला. आवाजात आदर होता. त्यांनी त्याला विचारलं की हा क्षण इतका नेमका कसा मिळाला, आणि उदयने सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. मग त्यांनी विचारलं, "डावीकडून तो उजेड कशाचा होता?" तो म्हणाला, समोरच्या भिंतीचा. "सुंदर," त्या म्हणाल्या. "आईंना आणा रविवारी. लोकांना भेटायला आवडेल त्यांना." मानसी म्हणाली, मला तो फोटो भिंतीवर टांगलेला बघायचा नाही. पण आईंना न्यायला तिने हरकत घेतली नाही. किती दिवसांत त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. "न्या," ती म्हणाली. "चारचौघांत तरी नीट वागाल." तिने सासूला नवं लुगडं नेसवलं, केसांत अबोलीचा गजरा माळला, स्वतःच्या हाताने कुंकू लावलं, आणि रिक्षापर्यंत सोडायला खाली आली.

हॉलमध्ये गर्दी होती. फोटो समोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठा, एकटाच. आणि उदयने पाहिलं, ते अगदी त्याने मनाशी धरलं होतं तसंच घडत होतं. लोक समोसा खात, बोलत यायचे, आणि तिथे थांबायचे, आणि गप्प व्हायचे. त्याला इतकं भरून आलं की त्याने आईचा हात घट्ट धरला. सुचेताबाई माइकवर बोलल्या. खामकरांच्या आईंना रोज सकाळी आपल्या पतीचा मृत्यू नव्याने समजतो, त्या म्हणाल्या, आणि आपल्यापैकी कितीजण रोजचं जगणं इतक्या धीराने बघू शकतील? टाळ्या पडल्या. इंदूबाईंना कोणीतरी फुलं दिली. त्यांनी हसून सगळ्यांना नमस्कार केला आणि मग, हातातली फुलं सावरत, त्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण रे ही बाई?" त्यांनी विचारलं. "कोणीतरी आहे, आई." त्या आणखी जवळ गेल्या. काचेवर नाक टेकेल इतक्या. "हिचा माणूस गेलाय," त्या म्हणाल्या. "बघ, कशी बसलीय. तोंडातून आवाज फुटत नाय तिच्या." मागे लोक जमायला लागले होते. इंदूबाईंनी काचेवर हात ठेवला, त्या बाईच्या गालावर, आणि मागे वळून जरा रागानेच म्हणाल्या, "आणि घरात कोण नव्हता काय हिच्या? एवढं झालं नि जवळ कोण बसला पण नाय?" सुचेताबाईंनी चष्मा काढला. "आपल्याकडं घेऊन जाऊ या हिला," इंदूबाई म्हणाल्या. "हे आले की सांगते मी यांना. कुठं गेलेत हे?"

गावाला, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होता. मानसी म्हणते तसा, मान वर न करता, सहज म्हणायचा. पण उदयच्या आधी कॉम्प्युटर कंपनीतला निकेत पुढे सरकला. चांगला पोरगा होता, म्हाताऱ्या माणसांशी अदबीने बोलायचा. त्याने आपला नवा डिजिटल कॅमेरा डोळ्याला लावला आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "आजी, आजोबा वारले ना तुमचे?" आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी आणखी कॅमेरे वर आले, औषधांच्या दुकानातल्याचा, पोस्टातल्याचा, सगळ्या मंडळाचे, आणि उदयच्या आणि आईच्या मधे पाठींची भिंत उभी राहिली. पटापट बटणं वाजू लागली. त्याला ऐकू येत होतं. तो हुंदका, श्वास आत घेतानाचा, त्याच्या ओळखीचा. पण दिसत काही नव्हतं. पुन्हा एकदा तो चेहरा सगळ्यांना दिसत होता, त्याला सोडून. तो पेटून उठला. सगळ्यांच्या थोबाडीत मारावंसं त्याला वाटलं. "सरका!" तो ओरडला. "बाजूला व्हा सगळे! आई आहे ती माझी!"

सगळे एकदम वरमले. निकेतने कॅमेरा खाली घेतला, "सॉरी, सर" म्हणाला. लोकांनी मान खाली घालून वाट करून दिली. उदय गळ्यातला कॅमेरा सावरत त्यातून पुढे गेला. इंदूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, मोठ्या फोटोच्या अगदी खाली, फुलं मांडीवरून घरंगळलेली, कुंकू अर्धं पुसलेलं. वर तीच बाई, खाली तीच बाई. खिडकीचा उजेड दोघींवर सारखा पडला होता. तो त्यांच्यासमोर गुडघा टेकून बसला. त्याला बघताच त्यांनी ओळखलं. त्या सगळ्या परक्या माणसांत तेवढं एक आपलं माणूस. "उदय," त्या म्हणाल्या, "बापूस गेला रे तुझा," आणि त्याला जवळ घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हात मधे आले. चेहरा झाकला गेला.

"आई," तो हळूच म्हणाला, "हात जरा खाली घे."